यंत्राला सावली

वेधशाळेत त्यांना सगळे सावलीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तापमान मोजायचं ते सावलीत, हा त्यांचा एकुलता एक मंत्र. वेधशाळेच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी होती, भिंतींना झडपा, आत थर्मामीटर. नव्याने कामावर आलेल्या प्रत्येकाला साहेब पहिल्या दिवशी त्या पेटीपाशी नेत आणि सांगत, "उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचं सांगत नाही, स्वतःचंच रडगाणं गातो. आपल्याला रडगाणं नको, हवा पाहिजे." पेटीखाली हिरवळ हवी, जवळपास भिंत नको, डांबर नको, दार उघडताना ऊन आत येता कामा नये. या नियमांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. कुठे चारचौघांत कुणी म्हणालं की, तुम्ही बेचाळीस सांगता पण माझ्या दुकानात पंचेचाळीस होते, तर साहेब एवढंच विचारत, "थर्मामीटर कुठे टांगलाय?" पुढे बोलायची कुणाची टाप नसे.

त्या वर्षी मात्र उन्हाळ्याने ताळतंत्र सोडलं. पेटीतल्या पाऱ्याने जुने सगळे आकडे मागे टाकले आणि तरी उतरायचं नाव घेईना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटू लागलं. पण याहून चमत्कारिक गोष्ट दवाखान्यात घडत होती. उष्माघाताने येणाऱ्यांतली निम्मी माणसं उन्हात गेलेलीच नव्हती. घरात बसलेली, खाटेवर पडलेली माणसं उचलून आणावी लागत होती, आणि तीही पहाटे, जेव्हा साहेबांच्या पेटीतला पारा सगळ्यात खाली असे.

म्हणून आरोग्य खात्याने एक डॉक्टरीणबाई वेधशाळेत धाडल्या. बाई वयाने साहेबांच्या निम्म्या, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, इथे कुणी राहतं का?"

"म्हणजे?"

"नाही, सावली आहे, खेळती हवा आहे, खाली हिरवळ आहे. शहरात एवढी चांगली जागा दुसरी नाही. भाड्याने देत नसाल, तर मग माणसं राहतात तिथलं मोजू या."

शिपायाला हसू आवरेना. साहेबांनी हसून घेतलं, पण त्यांना ते झोंबलं.

बाईंनी सोबत एक डबा आणला होता. डब्यात मोठ्या बटणाएवढी बारा यंत्रं. ती माणसांच्या खांद्यावर लावायची आणि माणूस जिथे जाईल तिथली गरमी ती आपोआप टिपत राहायची. जागेपणी खांद्यावर, झोपताना उशाशी. साहेबांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. माणूस चुलीपाशी जातो, उन्हात उभा राहतो, भिंतीला टेकून बसतो. असल्या हलत्या थर्मामीटरवर कोण विश्वास ठेवणार? पण वरून हुकूम होता. त्यांनी एकच मदत मनापासून केली. बटणाला घाम लागू नये म्हणून जाळीच्या कापडाच्या छोट्या पिशव्या हव्या होत्या, तर ते म्हणाले, "आमच्या आत्याला सांगतो. तिच्यासारखं बारीक काम कुणाला जमायचं नाही."

आत्या म्हणजे साहेबांच्या वडिलांची धाकटी बहीण. साहेबांची आई ते लहान असताना गेली, तेव्हा आत्याने त्यांना पदराखाली घेतलं. लोकांच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवून तिने साहेबांना शिकवलं, आणि हे साहेब स्वतः दहा जणांना अभिमानाने सांगत. घर बांधलं तेव्हा गच्चीवर तिच्यासाठी एक खोली काढली. वर सिमेंटचा पत्रा, एक दार, एक खिडकी, शिलाई मशीन मावेल एवढी जागा. "हवेशीर आहे," साहेब म्हणाले होते. आत्याने मशीनवरून हात फिरवत म्हटलं होतं, "माझ्यापुरती भरपूर आहे."

आत्याने बारा पिशव्या शिवल्या आणि खाली आणून दिल्या. सगळ्या एकसारख्या, टाके मोजले तरी कमी-जास्त भरायचे नाहीत. मग जिन्याशी घुटमळत म्हणाली, "बाळ, यातलं एक मला लाव की."

"तुला कशाला गं? तू कुठे बाहेर जातेस?"

"नसेन जात. मीही माणूसच आहे ना?"

साहेब हसले. एक भट्टीवाला ऐन वेळी नाही म्हणाला होता, त्यामुळे एक बटण उरलंच होतं. म्हातारीला तेवढाच विरंगुळा, असं म्हणून त्यांनी ते तिच्या खांद्याला लावून दिलं. बटणावरचा नंबर त्यांनी पाहिलाही नाही. ते काम शिपायाचं, आणि नंबरांची नावं शेवटी उघडायची असा बाईंचा दंडक होता. नाव कळलं की माणूस आकड्याकडे सरळ बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबांना हेही नाटकच वाटलं.

आता आदल्या वर्षीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण साहेब ती सगळ्यांना फुशारकीने सांगत आले होते. गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या अभ्यासासाठी खालच्या खोलीत एसी बसवला. बसवणारा मिस्त्री विचारू लागला, बाहेरचा डबा कुठे लावायचा? रस्त्याकडच्या भिंतीला लावा, असं साहेबांची बायको म्हणाली. साहेबांनी तिला थांबवलं. "त्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. उन्हात ठेवलेल्या यंत्राला दुप्पट काम पडतं. यंत्राला सावली पाहिजे." मग त्यांनी मिस्त्रीला गच्चीवर नेलं, ऊन कुठून कसं फिरतं ते दाखवलं, आणि साऱ्या गच्चीवर सावलीचा जो एकच तुकडा होता, आत्याच्या खिडकीपुढच्या छज्ज्याखालचा, तिथे डबा बसवून घेतला. संध्याकाळी आत्या त्या सावलीत स्टूल टाकून बसायची. डबा बसला तसं तिने स्टूल उचलून आत नेलं. त्या उन्हाळ्यात विजेचं बिल शेजाऱ्यांपेक्षा कमी आलं आणि साहेबांनी ते वेधशाळेत सगळ्यांना ऐकवलं.

बटणं परत आली तेव्हा बाईंनी वेधशाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. भिंतीवरच्या फळ्यावर बारा रेघा उमटल्या. दुपारी सगळ्या वर चढत होत्या, ऊन कलल्यावर हळूहळू खाली येत होत्या. कुणाची जास्त, कुणाची कमी, पण चाल एकच. फक्त अकरा नंबरची रेघ उफराटी. दुपारी ती इतरांबरोबर चढायची, संध्याकाळी जरा टेकायची, आणि दिवेलागण झाली की पुन्हा उठून रात्रभर तशीच वर राहायची. बाहेर पारा तिशीच्या खाली गेलेला असताना अकरा नंबर एकेचाळीस दाखवत होता.

साहेबांना आयतंच कोलीत मिळालं. उन्हाळाभर या बाईचं ऐकून घेतलं होतं. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, हे बटण कुणीतरी भट्टीत टाकलंय बघा. नाहीतर मग लावणारा मेलेला असला पाहिजे. जिवंत माणूस असल्या जागी रात्र काढणार नाही, उठून पळेल."

खोलीत हशा पिकला. शिपायाने तर मांडीवर थाप मारली. साहेबांना बरं वाटलं, फार दिवसांनी बरं वाटलं.

बाई हसल्या नाहीत. "पळायला जागा नसेल तर?" त्या म्हणाल्या. "माझं तर डोकं फिरतं हे बघून. त्या घरात आणखी माणसं असतीलच ना? का सगळे डोळ्यांवर कातडं ओढून झोपतात?" मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी रेघेवर बोट टेकवलं. "बरं, बटण बिघडलं म्हणावं तर हे बघा. रोज सकाळी थोडा वेळ रेघ एकदम खाली येते आणि परत वर जाते. म्हणजे ही व्यक्ती रोज त्या वेळी कुठल्यातरी गार जागी जाते. चहाला म्हणा, पाणी भरायला म्हणा. आणि ही एक रात्र बघा, गुरुवारची. त्या रात्री रेघ चढलीच नाही. इतर अकरा जणांसारखी गुमान खाली आली. गुरुवारी असं काय झालं?"

सगळे भिंतीकडे बघत राहिले. साहेबही बघत होते, चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं.

गुरुवारी ते सगळे मेहुण्याकडे गेले होते. साहेब, बायको, मुलगी. रात्री तिकडेच राहिले. खालचं घर बंद होतं, एसी बंद होता. आत्या आली नव्हती. म्हणाली होती, "तुम्ही जा, मला गाडी लागते."

हसू चेहऱ्यावरून पुसायचंही त्यांना सुचेना. मुलगी शिकवणीहून येते ती दिवेलागणीला, येते ती सरळ खोलीत जाऊन एसी लावते. सकाळी आत्या चहाला खाली येते, एसीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसते, चहा जरा जास्तच वेळ पीत बसते, आणि मागे एकदा बायको त्यावरून कुरकुरलीही होती. रेघेचा एकेक उतार त्यांना आता तोंडपाठ असल्यासारखा वाचता येत होता. लावणारा मेलेला असला पाहिजे, असं आत्ताच आपण म्हणालो, आणि लोक हसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते म्हणाले, "बटणच बिघडलं असणार."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून खोडायच्या आधी विचारून यायचं. नंबर अकरा कुणाचा आहे?"

शिपाई नावांचं पाकीट उघडायला उठला. साहेबांनी त्याच्या हातातून ते घेतलं. "मी बघतो," ते म्हणाले. "मीच जाऊन विचारतो." पाकीट उघडायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं.

त्या संध्याकाळी साहेब घरी आले आणि चपला काढल्याबरोबर जिना चढले. बायकोने विचारलं, "वर कशाला?" तर म्हणाले, "कामाचं आहे." जिना चढताना त्यांना आठवेना की यापूर्वी वर कधी आलो होतो. आत्याशी रोज बोलणं व्हायचं, पण ते खाली. ती उतरून यायची.

खोलीचं दार सताड उघडं होतं. खिडकी बंद, आणि खिडकीवर ओली चादर लावलेली. चादरीची वरची कड वाळून कडक झाली होती. आत्या जमिनीवर बसून पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून मशीनच्या कव्हरला टाका घालत होती. खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणलेली. भिंत हाताला लागू नये म्हणून, हे साहेबांच्या लक्षात आलं. एवढं तरी त्यांच्या लक्षात आलं.

"अगंबाई, बाळ तू? मला हाक मारायची, मी आले असते खाली." ती पाय घमेल्यातून काढायला लागली.

"बस गं, बस." ते स्टुलावर बसले. तेच स्टूल, छज्ज्याखालचं. पाठीला शर्ट चिकटला. त्यांनी ऑफिसातला प्रश्नच विचारला, शब्दाला शब्द. "ते बटण दिलं होतं ना तुला. ते अंगावरून काढून कुठे ठेवलं होतंस का? कुठल्या गरम वस्तूजवळ वगैरे?"

आत्याची सुई थांबली. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ते काही फोडून आले की ती असंच बघायची, आधी चेहरा वाचायची आणि मग काय फुटलं ते विचारायची. या वेळी तिने विचारलं नाही.

तेवढ्यात खाली मुलगी आली असावी. खिडकीबाहेर एक घरघर सुरू झाली, चादर आतल्या बाजूला फुगली, आणि खिडकीच्या फटींतून भाजणाऱ्या वाऱ्याचा झोत आत घुसला. साहेबांच्या गालाला तो लागला. ते दचकले. आत्या दचकली नाही. तिने फक्त दोऱ्याचं रीळ झोताच्या वाटेतून बाजूला सरकवलं.

"हो रे," ती म्हणाली. "इस्त्रीजवळ राहिलं होतं बघ माझ्याकडून. विसरलेच होते. त्याने काही चुकलं का तुझं?"

"इस्त्रीजवळ?"

"रोज इस्त्री करते ना मी. तिथेच काढून ठेवायचे. म्हातारपणी कुठे लक्षात राहतंय. सांग तुझ्या त्या बाईंना, आत्या वेंधळी आहे म्हणावं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. खरोखरच पडला, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केली नाही. इस्त्री रात्रभर चालत नाही, रोज सकाळी चहाला खाली जात नाही, आणि गुरुवारी सुट्टी घेत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी ते म्हणाले, "असं होय. मग ठीक आहे," आणि उठले. दाराशी येऊन म्हणाले, "फार गरम होतं का गं इथे?"

"उन्हाळा आहे, गरम व्हायचंच," आत्या म्हणाली. "जा, तू घामाघूम झालास."

खाली येऊन त्यांनी एसी बंद केला. मुलगी ओरडली, "बाबा, काय हे!" बायको म्हणाली, "काय झालं? बिल जास्त आलं का?" साहेबांच्या तोंडून कारण फुटेना. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. थोडा वेळ तिघं घामाने निथळत बसले, मग बायकोने उठून एसी पुन्हा लावला आणि साहेबांनी तो लावू दिला. ते त्या गार खोलीतच जेवले आणि त्या गार खोलीतच झोपले. झोप लागली नाही, हे खरं. पण ते तिथेच होते.

सकाळी मोठ्या खोलीत पुन्हा सगळे जमले. साहेबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "अकरा नंबरचं विचारलं. त्या बाई इस्त्रीजवळ बटण काढून ठेवायच्या. वयस्कर आहेत."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांनी एक उसासा टाकला आणि रेघ पुसायला हात उचलला. मग शेजारी बसलेल्या आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "मग तुमचंच बरोबर. बाकीच्या अकरा जणांना रात्री थोडा तरी उतार मिळतो. एवढ्यावर मला आग्रह धरता येणार नाही. गार सभागृहं रात्री बंद केली तरी चालतील."

शहरात चार ठिकाणी गार सभागृहं उघडली होती, ज्यांच्या घरी बसवत नाही त्यांच्यासाठी. ती रात्रीही उघडी ठेवावीत म्हणून बाई कधीच्या भांडत होत्या, आणि खातं म्हणत होतं, रात्री माणसं घरात भाजतात याचा पुरावा द्या. हे साहेबांना माहीत होतं. कालपासून ते त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. डोक्यात एकच होतं, आपली अब्रू.

अधिकाऱ्याने मान डोलावली. बाईंचा हात रेघेपाशी गेला.

"थांबा," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेब उभे राहिले होते. त्यांनी टेबलाची कड धरली.

"इस्त्रीचं खोटं आहे. रेघ बरोबर आहे. बटणही बरोबर आहे." "गच्चीवरची खोली आहे. वर पत्रा. खिडकीला लागून एसीचा बाहेरचा डबा आहे, खाली एसी लागला की सगळी गरम हवा त्या खोलीत जाते. गुरुवारी खालची माणसं गावाला गेली होती म्हणून एसी बंद होता."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"घर माझं आहे. डबा तिथे मीच बसवून घेतला. यंत्राला सावली पाहिजे म्हणून." हे शेवटचं वाक्य का जोडलं, ते त्यांना कळलं नाही. पण ते निघून गेलं. "आणि बटण लावणारी माझी आत्या आहे. जिने मला वाढवलं ती."

ज्या शिपायाने काल मांडीवर थाप मारली होती, तो आपल्या बुटांकडे बघत बसला. कुणीतरी टोचून बोलावं, शिव्या द्याव्यात, असं साहेबांना वाटत होतं. सगळे त्यांच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते, आणि त्याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी हात खाली घेतला. त्यांच्या आवाजात तिखटपणा उरला नव्हता. "असे डबे शहरात किती असतील, आणि किती खिडक्यांपुढे, कुणास ठाऊक," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "सभागृहं रात्री उघडी राहतील." मग साहेबांकडे वळून त्यांनी साधंच विचारलं, डॉक्टरने विचारावं तसं. "साहेब, काल तुम्हाला कळलं. मग काल रात्री आत्या कुठे झोपल्या?"

साहेबांनी नजर रेघेकडे वळवली.

"आणि आत्ता कुठे आहेत?"

"वरच," साहेब म्हणाले. "तिथेच आहे."

"मग तुम्ही इथे काय करताय?" बाई म्हणाल्या.

भर उन्हात साहेब घरी धावत आले. उभ्या नोकरीत कामाच्या वेळेत त्यांनी वेधशाळा सोडली नव्हती. आत्या खाटेवर पडली होती, डोळे उघडे, ओठ सुकलेले, पण शुद्धीत होती. त्यांना बघून उठायला लागली. साहेबांनी तिला उठू दिलं नाही. हाताला धरून, एकेक पायरी थांबत, तिला खाली आणलं, खोलीतल्या खुर्चीवर बसवलं आणि ओल्या पंच्याने तिचे हात-पाय पुसले. बायको दारात येऊन उभी राहिली. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, आत्याच्या देखत, काही न लपवता. बायकोने तोंडावर हात ठेवला. चहावरून आपण कुरकुरलो होतो, हे तिलाही आठवलं असावं. ती मुकाट्याने आत गेली आणि आत्याचं अंथरूण मुलीच्या खोलीत घालायला लागली.

आत्या पाणी प्यायली, जरा सावरली, आणि मग चिडली.

"ऑफिसात सांगितलंस तू हे? सगळ्यांपुढे?"

"हो."

"कशाला? मी इस्त्रीचं सांगितलं होतं ना तुला? एवढं सोपं करून दिलं होतं." तिचे डोळे भरले. "लोक काय म्हणतील? म्हातारीला गच्चीवर ठेवली म्हणतील. मी तुला असा वाढवला म्हणतील. चारचौघांत शोभा केलीस माझी."

"तुझी नाही गं. माझी."

"तुझी काय आणि माझी काय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

साहेब तिच्या पायाशी जमिनीवर बसले. एसी लावायला त्यांचा हात धजावला नव्हता, खिडक्या उघड्या होत्या, आणि दोघांच्याही कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्यांनी विचारलं, "आत्या, वर्ष झालं डबा लावून. एकदा तरी बोलायचंस. का नाही बोललीस?"

आत्याने त्यांच्याकडे नवल करत पाहिलं. असा प्रश्न विचारायची काय गरज, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तुला काय सांगायचं बाळ? तुझं तर कामच ते. किती गरम होतं, कुठे होतं, सगळं तुला कळतं. डबा लावलास तेव्हा किती बारकाईने बघत होतास, ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते. मला वाटलं, तू मोजूनमापूनच ठरवलं असशील." तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून तापलेलाच होता. "म्हटलं, आत्याला एवढं सोसेल असं याला वाटतंय, तर सोसत असेल."